नवी मुंबईची दुसरी धावपट्टी कधी?

धावपट्टीची लांबी सांगितली की विमानतळाची थोरवी सांगून झाली, असा आपल्याकडे समज आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले, तेव्हाही ३,७०० मीटरचा आकडा सर्वांच्या तोंडी होता. आकडा खरा आहे. पण अजस्र प्रवासी विमाने सांभाळायची, तर विमानतळाचा कस लांबीपेक्षा इतर गोष्टींत लागतो.

एअरबस ए-३८० घ्या. पंखांचा विस्तार जवळपास ८० मीटर, उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन साडेपाचशे टनांहून अधिक. हे वजन मुख्य चाकांच्या वीस टायरांवर वाटले जात असल्याने डांबराला ते वाटते तितके जड जात नाही. अडचण रुंदीची आहे. या विमानाची बाहेरची दोन इंजिने मध्यरेषेपासून सुमारे २६ मीटरवर असतात. म्हणजे ४५ मीटर रुंदीच्या धावपट्टीवर ती कडेच्या बाहेर जातात. खाली खडी सुटलेली असेल, तर इंजिन ती आत ओढून घेऊ शकते. म्हणूनच उतरल्यावर उलटा झोत सोडून वेग कमी करण्याची सोय आतल्या दोनच इंजिनांना आहे. नवी मुंबईची धावपट्टी ६० मीटर रुंद आहे, आणि तिच्या लांबीपेक्षा या रुंदीचे मोल अधिक आहे.

ए-३८०चे उत्पादन २०२१ मध्ये थांबले, म्हणून ही रुंदी वाया गेली असे नाही. एअर इंडियाने मागणी नोंदवलेल्या बोइंग ७७७-९चे पंख सुमारे ७२ मीटर भरतात. आजच्या विमानतळांवर उभे राहता यावे म्हणून त्यांची टोके जमिनीवर दुमडता येतात; उड्डाणाच्या वेळी मात्र ती उघडावीच लागतात.

खरी चिंता वेगळी आहे: एकाच धावपट्टीवरची मदार. मुंबईत ए-३८० आले २०१४ मध्ये. तिथल्या सांताक्रूझ विमानतळाच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरात असते. या विमानामागे हवेत प्रचंड भोवरे उठतात. त्याच्या पाठोपाठ उतरणाऱ्या मध्यम विमानाला सुमारे १३ किलोमीटर अंतर राखावे लागते. एरवी याच्या निम्मेही पुरते. एकाच धावपट्टीवर इतकी मोकळी जागा सोडायची, तर मागच्या रांगेला खोळंबावे लागणारच.

आणि ती एकमेव धावपट्टीच अडली तर? १ जुलै २०१९च्या पावसाळी रात्री जयपूरहून आलेले मध्यम आकाराचे विमान मुंबईची मुख्य धावपट्टी ओलांडून पुढे चिखलात रुतले. धावपट्टी पुन्हा सुरू व्हायला जवळपास चार दिवस लागले. तेवढे दिवस विमानतळाने दुसऱ्या, आखूड धावपट्टीवर कसेबसे भागवले. नवी मुंबईत आज अशी दुसरी धावपट्टीच नाही. तिथे ए-३८० किंवा ७७७-९ रुतले, तर अख्खा विमानतळ ठप्प होईल.

आराखड्यात दुसरी धावपट्टी आहे. पहिलीपासून दीड किलोमीटरहून अधिक अंतरावर, समांतर. म्हणजे दोन्हींवर एकाच वेळी स्वतंत्र वाहतूक चालू शकते. याच आराखड्यापायी उलव्याची टेकडी कापली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला आणि चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर यांच्यासह दहा गावे उठली. त्या गावकऱ्यांनी घरदार, शेती सोडली ती दोन धावपट्ट्यांच्या विमानतळासाठी. एकीवरच काम चालवत राहणे हा त्यांच्या त्यागाचा अवमान आहे.

नवी मुंबईच्या विमानतळ कंपनीत राज्य सरकारच्या सिडकोची २६ टक्के मालकी आहे. तेव्हा ‘हा खासगी कंपनीचा प्रश्न’ असे म्हणून राज्य सरकारला हात झटकता येणार नाहीत. दुसऱ्या धावपट्टीचे काम कधी सुरू होणार, विमाने तिच्यावर कधी उतरणार, याचे तारीखवार वेळापत्रक सरकारने विधिमंडळाच्या येत्या अधिवेशनात पटलावर ठेवावे. आणि तोवर, पावसात विमान घसरून ही एकच धावपट्टी अडू नये म्हणून, टायरांचे साचलेले रबर खरवडल्यानंतर धावपट्टीच्या घर्षणाच्या ज्या चाचण्या होतात, त्यांचे अहवाल दर पावसाळ्याआधी जाहीर करावेत.