बागेला कुलूप कुणासाठी?

रात्रपाळी करून गोदीतून सुटलो. खोलीत आम्ही पाळीपाळीनं झोपतो, माझी पाळी संध्याकाळची. म्हणून बागेत आडवा झालो, तर रखवालदारानं काठी आपटली. ऊठ, दुपारची बाग बंद. फाटकाला कुलूप, वर पाटी : सार्वजनिक उद्यान.

दोस्तहो, मी पोलादपूरकडचा. 'सार्वजनिक' हा शब्द आमच्या मुलखात फुकट मिळाला नाही. महाडच्या नगरपालिकेनं १९२४ साली ठराव करून चवदार तळं खुलं केलं. कागद खुला, पाणी बंदच. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ओंजळ भरली, त्याच दिवशी आमच्या माणसांची डोकी फुटली. हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं.

तेच बाबासाहेब शाळकरी असताना चर्नी रोडच्या बागेत वाचत बसायचे. परळच्या एका खोलीत बसणार कुठं? केळुसकर गुरुजींनी त्यांना हेरलं ते त्या बागेतच. तिथं कुणी काठी आपटली असती तर?

आता फाटकावर जात विचारत नाहीत, कपडे बघतात. म्हणे, झोपणारे घाण करतात. मग नळ बसवा, संडास बांधा! सकाळी फेऱ्या मारणाऱ्याच्या घरी पंखा आहे. दुपारची सावली लागते ती आम्हाला. ते कुलूप आधी काढा.