संशयावरून धरपकड
पहिले महायुद्ध संपताच अमेरिकेत महागाई भडकली, संप पेटले. जून १९१९ मध्ये अ‍ॅटर्नी जनरल पामर यांच्या घरावर बॉम्बहल्ला झाला. हल्लेखोरांना शोधणे सरकारचे कर्तव्यच होते. पण २ जानेवारी १९२० च्या रात्री अनेक शहरांत धाडी घालून हजारो स्थलांतरितांना पकडले, कित्येकांना वॉरंटाशिवाय. कम्युनिस्ट पक्षाच्या यादीत नाव, एवढाच बहुतेकांचा गुन्हा! हा उघड अन्याय होता. कामगार खात्याचे सत्तरीतले अधिकारी लुई पोस्ट यांनी एकेक प्रकरण तपासून हजाराहून अधिक हद्दपारीची वॉरंटे रद्द केली. ‘देशद्रोह्यांचा पाठीराखा’ म्हणून प्रतिनिधिगृहात त्यांच्यावर महाभियोगाची मागणी झाली. गृहाच्या समितीपुढे त्यांनी आपल्या निर्णयांचे ठामपणे समर्थन केले आणि ते पदावर कायम राहिले.