मंदरुज गाठ आणि वैद्याचे दायित्व

स्तनातील गाठ घेऊन निघालेली स्त्री पुष्कळदा प्रथम आपल्याच दाराशी येते, हे वैद्यबंधू-भगिनी अनुभवाने जाणतात. ती पित्ताची अगर सांधेदुखीची तक्रार सांगते, नाडी दाखविते, पुड्या पिशवीत टाकते आणि उठता उठता हळूच म्हणते, "इथं एक गाठ लागतेय. दुखत नाही काही." या शेवटच्या तीन शब्दांनी रुग्णा निश्चिंत असते, कधी कधी वैद्यही निश्चिंत होतो. आम्हांस लिहावयाचे आहे ते या निश्चिंतीविषयी.

वास्तविक ही चूक होऊ नये अशीच आपल्या शास्त्राची शिकवण आहे. सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या अकराव्या अध्यायात अर्बुदाचे वर्णन वाटोळे, स्थिर, खोल मुळाचे, सावकाश वाढणारे, न पिकणारे आणि मंदरुज असे केले आहे. म्हणजे वेदना अल्प असणे हे तेथे अभयाचे चिन्ह नसून व्याधीचेच लक्षण आहे. षट्क्रियाकालाच्या उपदेशाचे सारही हेच, की अवस्था जितकी अलीकडची तितकी चिकित्सा सुकर. गाठ हातास लागते तेव्हा तर व्यक्ती-अवस्था येऊन ठेपलेली असते. मग आणखी प्रतीक्षा कशाची?

परंतु व्यवहारात निराळेच घडते. सुमारे वीस वर्षांपूर्वी पन्नाशीच्या एका भगिनीस आम्ही कांचनार गुग्गुळ व लेप देऊन महिन्याने बोलाविले. गाठ थोडी मऊ झाल्यासारखे तिला वाटले, आम्हांसही तसेच वाटले, आणि औषध पुढे चालू राहिले. चौथ्या महिन्यात काखेत गाठी लागल्या, तेव्हा आम्ही तिला शस्त्रवैद्यांकडे धाडले. सर्व उपचार होऊनही ती दोन वर्षेच जगली. ते चार महिने आम्ही वाया घालविले, ही रुखरुख आजही आहे. पुढे काही वर्षांनी आलेल्या दुसऱ्या रुग्णेस मात्र सुपारीएवढी गाठ हातास लागताच त्याच आठवड्यात तपासणीस पाठविले. तिचा स्तन राखून गाठ काढता आली, किरणोपचार झाले, आणि आज बारा वर्षांनंतर ती आमच्याकडे येते ती गुडघेदुखीसाठी!

दोन रुग्णांवरून सिद्धांत मांडता येत नाही, हे आम्ही जाणतो. म्हणून मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्ये आरंभिलेल्या अभ्यासाकडे वाचकांचे लक्ष वेधतो. मुंबईच्या वस्त्यांतील ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखांहून अधिक स्त्रिया त्यात होत्या. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तनपरीक्षा करीत. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या गटात रोग अधिक लवकरच्या अवस्थेत सापडला. सर्व वयोगट एकत्र धरता मृत्यूंतील घट संख्याशास्त्राच्या कसोटीस पुरेशी उतरली नाही. पन्नाशी व त्यापुढील स्त्रियांत मात्र ती जवळजवळ ३० टक्के होती. लक्षात घ्यावे, येथे साधन यंत्र नव्हते, शिकविलेला हात होता. स्पर्शपरीक्षेचा वारसा सांगणाऱ्या आपण याहून कमी का करावे?

जागतिक अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात स्तनकर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९८ हजार मृत्यू झाले. पहिल्या भेटीपासून ६० दिवसांच्या आत निदान व्हावे, असे उद्दिष्ट जागतिक आरोग्य संघटनेने ठेविले आहे. गुग्गुळाच्या दोन महिन्यांच्या एका आवर्तनातच हे साठ दिवस सरतात!

म्हणून आमचे स्पष्ट मत असे, की निदानापूर्वी गाठीवर औषध देऊ नये. स्त्रीसहायिकेच्या उपस्थितीत, रुग्णेच्या संमतीने दोन्ही स्तन व काखा तपासाव्यात. ते शक्य नसल्यास वैद्य भगिनीकडे पाठवावे. गाठ, त्वचेला पडलेली खळी, संत्र्याच्या सालीसारखी त्वचा, नव्याने आत ओढले गेलेले स्तनाग्र, त्यातून येणारा रक्तमिश्रित स्राव, यांपैकी काहीही आढळल्यास चिठ्ठी लिहून त्याच दिवशी रवाना करावे. मॅमोग्राफी अथवा सोनोग्राफी आणि सुईने तुकडा काढून केलेली तपासणी यांवाचून निर्णय होत नाही. सुई लावल्याने रोग पसरतो, हा समज आपणच दूर केला पाहिजे. "घरचे लग्न उरकू द्या" म्हणणाऱ्या कुटुंबालाही आपला शब्द अधिक पटतो.

औषधालयांच्या मालकांसही विनंती आहे. गाठीसाठी चिठ्ठीविना औषध मागणाऱ्या स्त्रीस डबी देण्याऐवजी तपासणीचा सल्ला द्यावा. कर्करोग बरा करण्याची जाहिरात १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्याने निषिद्ध आहे, याचेही स्मरण असावे.

रुग्ण दुसरीकडे धाडला की तो परत येत नाही, अशी भीती काही बंधू बोलून दाखवितात. आमचा अनुभव उलट आहे. उपचारकाळात व नंतर आहार, निद्रा, बल यांविषयी विचारण्यास रुग्णा आपल्याकडेच येतात. तेव्हाही कर्करोगतज्ज्ञांपासून लपवून कोणतेही औषध देऊ नये. वेळेवर पाठविल्याने आयुर्वेदाची अप्रतिष्ठा होत नाही. ती होते, ती उशिरा पाठविल्याने.