आकाशमार्गें रोगी नेतांना

सन २०१९ च्या ऑगस्टमध्यें कृष्णामाईनें सांगलीस वेढा घातला, ते दिवस आपल्यापैकीं पुष्कळांस आठवत असतील. ८ ऑगस्ट रोजीं पलूस तालुक्यांत ब्रह्मनाळ येथें पुरांतून माणसें बाहेर काढणारी नाव भरून निघाली आणि उलटली. जीं माणसें आतां वांचलीं असें वाटलें, त्यांतलीं कित्येक वाटेंतच गेलीं. सुटकेचें साधन हातीं असणें आणि त्यांतून माणूस सुखरूप नेतां येणें या दोन गोष्टी निराळ्या आहेत.

हल्लीं अत्यवस्थ रोग्यास विमानानें अथवा हेलिकॉप्टरनें मोठ्या शहरीं नेतां येतें. सातारा जिल्ह्यांत कऱ्हाडास धावपट्टीही आहे. तेव्हां घरांतील वडील मंडळी म्हणतात, "पैसे लागोत, बरोबर डॉक्टर असला म्हणजे झालें!" तेवढ्यानें होत नाहीं. जमिनीवरील निष्णात वैद्यही आकाशांत नवशिका ठरूं शकतो. हेलिकॉप्टरच्या घरघराटांत छातीस नळी लावून कांहींच ऐकूं येत नाहीं. डोळ्यांनीं व बोटांनीं काम भागवावें लागतें. शिवाय उंचीवर दाब कमी झाला कीं कोंडलेली हवा फुगते. विमानाच्या आंतील दाब ८,००० फूट उंचीइतका उतरला, तर तिचें आकारमान सुमारें एकतृतीयांशानें वाढतें. निरोगी माणसाचें पोट थोडें तडस लागल्यासारखें होईल, एवढेंच. पण फुप्फुसास छिद्र पडून छातींत हवा कोंडलेल्या रोग्याच्या जिवावर तें बेतूं शकतें.

म्हणून अशा पथकांस अगोदर खोट्या रोग्यावर शिकवितात. विमानाच्या पोटाएवढ्या अरुंद खोलींत पुतळा निजवितात; मंद उजेड, कर्कश आवाज, पट्ट्यांनीं जखडलेलें सामान. शिक्षक एकाएकीं पुतळ्याचा श्वास बंद पाडतो, किंवा प्राणवायूची नळी गुपचूप सोडून ठेवतो, आणि पथक काय करतें तें पाहत बसतो. मागाहून कोणाचें काय चुकलें याची न रागावतां चर्चा होते. माझ्या मतें खरें शिक्षण तेथेंच होतें. वैमानिक १९३० च्या सुमारापासून खोट्या विमानांत बसून असेच शिकत आले. कृत्रिम श्वासोच्छ्वास शिकविणारा प्रसिद्ध पुतळा १९६० सालीं नॉर्वेंतील आस्मुंड लेर्डाल या खेळणी करणाऱ्या गृहस्थांनीं बनविला. (मुलींच्या बाहुल्यांना आपण उगाच हंसतों!)

तेव्हां विमान ठरवितांना घरांतील एका शांत डोक्याच्या माणसानें भाड्याबरोबर हेंही विचारावें : या पथकानें शेवटचा सराव केव्हां केला? छातींतील हवा काढण्याचें साधन बरोबर आहे काय? आणि विमान उतरल्यावर रुग्णालयापर्यंत रोग्याबरोबर हेच लोक येणार, कीं दुसरे?