बैलाच्या रक्ताचं पासबुक

आज जे लिहिणार आहे ते वाचून पुसेगावचे मामा महिनाभर माझ्याशी बोलणार नाहीत, हे आधीच गृहीत धरलंय. पण विषय बरेच दिवस डोक्यात घोळतोय, तेव्हा लिहूनच टाकतो.

विषय आहे शर्यतीच्या बैलांच्या रक्त तपासणीचा.

आमच्या सातारा-सांगलीकडे बैलगाडी शर्यत म्हणजे काय, हे इकडच्या माणसाला सांगायला नको. बाहेरच्यांसाठी थोडक्यात : खिल्लार खोंड, हलका छकडा, आखलेल्या चाकोऱ्या, आधी गट, मग सेमी, मग फायनल. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेतलं मैदान बघितलं नसेल तर एकदा बघाच. काही सेकंदांचा खेळ असतो, पण त्यासाठी माणसं वर्षभर बैलाला पोटच्या पोरासारखं जपतात. यात अतिशयोक्ती नाही. आमच्या घरात दूध आधी खोंडाला आणि उरलं तर चहाला, असा नियम होता.

आता मुद्द्यावर येतो. ७ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टाने शर्यती बंद केल्या. २०१७ ला राज्याने कायदा बदलला, पण हायकोर्टात पुन्हा अडकलं. ऑगस्ट २०२१ मध्ये आटपाडी तालुक्यातल्या झरे इथं बंदी झुगारून शर्यत झाली, ते तर सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं. त्याच वर्षी १६ डिसेंबरला कोर्टाने अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. गुलाल उधळला, फटाके वाजले. आनंद मलाही झाला होता, लपवत नाही.

पण या नऊ वर्षांत आणि त्यानंतर मैदानं बदलली. पूर्वी ढाल, फेटा आणि थोडी रोकड असायची. २०२३ ला भाळवणीच्या मैदानात पहिलं बक्षीस थार गाडी होतं. २०२५ ला कवठे महांकाळ तालुक्यात ते फॉर्च्युनरवर गेलं. जिंकलेल्या खोंडाची किंमत एका दिवसात कुठल्या कुठे जाते. आणि जिथं एवढा पैसा येतो तिथं सुई येतेच, हा जगाचा अनुभव आहे. मैदानात शेजारी बसलेला माणूस हळूच सांगतो, "त्या गाडीचा डावा बैल काल लंगडत होता, आज बघ कसा पळतोय." खरं किती, जळफळाट किती, कुणास ठाऊक! ते ठरवायचं साधनच मैदानात नाही, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे.

जनावराला अपायकारक औषध देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हाच आहे. शर्यतीच्या आधी पशुवैद्यकाचा तंदुरुस्तीचा दाखलाही लागतो. पण डोळ्यांनी बघून, ताप मोजून दिलेल्या दाखल्यात वेदनाशामक इंजेक्शन दिसणार कसं? ते तर लंगडणं लपवायलाच दिलेलं असतं! दुखणं हा शरीराचा ब्रेक आहे. तो काढून घेतलेला बैल दुखऱ्या पायावर पूर्ण जोर टाकून पळतो, आणि मग मैदानातच पाय मोडतो.

घोड्यांच्या जगात हे सगळं आधीच होऊन गेलंय. पुण्या-मुंबईच्या रेसकोर्सवर घोड्यांचे नमुने घेतात, ते तपासायची सोय दिल्लीच्या राष्ट्रीय डोप चाचणी प्रयोगशाळेत आहे. पण औषध शोधायच्या चाचणीची एक मर्यादा आहे. आपण जे शोधतो तेच सापडतं. २०२० च्या मार्चमध्ये अमेरिकेत जेसन सर्व्हिस, जॉर्ज नवारो या बड्या ट्रेनरांवर आणि इतर अनेकांवर गुन्हे दाखल झाले. चाचणीत सापडू नयेत अशीच बनवलेली औषधं ते वापरत होते. दोघंही पुढे तुरुंगात गेले. पण ते पकडले गेले कशामुळे? मुख्यतः फोनवरच्या बोलण्यामुळे, रक्ताच्या नमुन्यामुळे नाही.

म्हणून आता भर आहे तो औषधापेक्षा त्याच्या खुणांवर. याला बायोमार्कर म्हणतात. चोर पळाला तरी उंबऱ्यावर चिखलाची पावलं राहतात, तसं. उदाहरणार्थ ईपीओ. हे तांबड्या पेशी वाढवणारं औषध काही दिवसांत रक्तातून निघून जातं, वाढलेल्या पेशी मात्र कित्येक आठवडे राहतात. (माणसाचं ईपीओ घोड्याला दिलं तर कधी कधी त्याचं शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिद्रव्यं बनवतं आणि स्वतःचं रक्त तयार होणंच थांबतं. घोडे यात मेलेले आहेत.) माणसांमध्ये खेळाडूचा 'बायोलॉजिकल पासपोर्ट' २००९ पासून आहे. त्यात त्याची तुलना इतरांशी कमी आणि त्याच्याच आधीच्या नमुन्यांशी जास्त होते.

अर्थात हे वाटतं तेवढं सोपं नाही. घोड्याच्या प्लीहेत तांबड्या पेशींचा मोठा साठा असतो. घोडा नुसता बिथरला तरी तो साठा रक्तात येतो आणि आकडे एकदम चढतात. मग औषध कुठलं आणि भीती कुठली?

बैलाचंही तसंच होणार. जखम किंवा सूज असली की गाईबैलांच्या रक्तात हॅप्टोग्लोबिन नावाचं प्रथिन अनेक पटींनी वाढतं, निरोगी जनावरात ते जवळजवळ नसतंच. इंजेक्शनने लंगडणं झाकलं जाईल, पण ही खूण इतक्या पटकन पुसली जात नाही. स्नायू फाटले तर सीके नावाचं एंझाइम वाढतं. पण ताप आला तरी हॅप्टोग्लोबिन वाढतं, आणि आटपाडीहून पुसेगावपर्यंत टेम्पोत उभं राहून आलेल्या बैलाच्या रक्तातही फरक पडणारच. एका आकड्यावरून कुणाला चोर ठरवलं तर तो अन्याय होईल, आणि आमच्याकडे त्यावरून डोकी फुटतील ते वेगळंच.

म्हणून माझं म्हणणं असं आहे, की या तपासणीचा उपयोग शिक्षेसाठी नको, थांबवण्यासाठी करा. आकडा त्या बैलाच्या नेहमीच्या पातळीपेक्षा फार वर असेल तर त्या दिवशी गाडी जुंपायची नाही, बस्स. चोर म्हणायचं नाही, दंड नाही, बदनामी नाही. दंड फक्त औषध प्रत्यक्ष सापडलं तरच.

बैलाच्या कानात बारा अंकी बिल्ला असतोच. त्या नंबरवर त्याच्या रक्ताचं पासबुक ठेवता येईल. निदान मोठ्या मैदानांत सेमीला पोचलेल्या बैलांचे नमुने घ्या. साताऱ्याच्या शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पुण्यात औंधला पशुरोग अन्वेषण विभाग आहे. आपल्या खिल्लार बैलांचे नेहमीचे आकडे काय, पळण्याआधीचे काय, नंतरचे काय, ही मोजदाद आधी करावी लागेल. युरोपातल्या वासरांचे आकडे इथं चालणार नाहीत. आणि खर्चाचं म्हणाल, तर बक्षिसाला फॉर्च्युनर लावणाऱ्यांनी खर्चाचं कारण सांगू नये.

मामांचं उत्तर मला पाठ आहे. "आम्ही बैलाला पोरासारखं वागवतो, आमच्यावर अविश्वास?" मामा, तुमच्यावर नाही हो. पण तुमच्या खोंडाशेजारच्या चाकोरीत जो बैल पळतो, त्याच्या मालकाला तुम्ही ओळखता का? नऊ वर्षं कोर्टात आपण हेच सांगत होतो ना, की बैल त्याच्या स्वभावाने पळतो, त्याला पळवावं लागत नाही? मग ते रक्तातून दाखवायला काय हरकत आहे? उद्या कुणी पुन्हा कोर्टात गेलं तर आपल्या हातात काय असणार, फक्त एक शिक्का मारलेला दाखला?

मोठ्या मैदानांच्या दोन-चार कमिट्यांनी जरी यंदा सुरुवात केली तरी पुष्कळ झालं. पहिला नमुना आमच्या खोंडाचा घ्या, दादाला मी विचारलंय. तो आधी शिव्या घालून मग हो म्हणालाय.