खुरपणीच्या दिवसांत मुले कोणी सांभाळावीत?

खुरपणीस आरंभ झाला की गावातील बाया शिवारात जातात आणि घरोघरची लहान मुले एखाद्या म्हातारीच्या ओसरीवर गोळा होतात. म्हातारीस दिसते कमी, गुडघे धरलेले; आणि समोर तीन तान्ही, चार रांगती, पाचसहा पळती. संध्याकाळी सर्व मुले सुखरूप घरी गेली म्हणजे व्यवस्था उत्तम आहे, असा समज होतो. वस्तुतः तो दैवावर टाकलेला हवाला होय.

अशा राखणीतील खरी अडचण संख्येपेक्षा वयांच्या सरमिसळीची आहे. तान्ह्यास दर दोनतीन तासांनी दूध हवे. रांगते मूल हाती येईल ते तोंडात घालते. आणि पळते मूल उघड्या विहिरीकडे केव्हा वळेल याचा नेम नसतो. एका मुलाचे अंग धुवावयास घेतले की इतरांवरील नजर सुटलीच. म्हणून बाया दोन हव्यात, त्यांतील एक तरी धडधाकट. उंबऱ्यावर आडवी फळी लावावी. बादल्या रिकाम्या ठेवाव्यात, कारण वीतभर पाण्यातही रांगते मूल बुडते. फवारणीच्या औषधाचा डबा कितीही धुतला तरी त्यात पाणी वा दूध ठेवू नये. मुले निजून राहावीत म्हणून अफू घातलेली बाळगोळी देण्याची जुनी चाल आहे; तिने श्वास मंदावून मूल दगावू शकते. ती कोठे आढळल्यास ग्रामसेविकेने भीड धरू नये.

पहिले सहा महिने मुलास केवळ आईचे दूध द्यावयाचे असते. तेव्हा पाळणाघर शेताजवळ असावे आणि आईस मधून सुटी मिळावी. त्या वेळेची मजुरी कापणे हा निव्वळ करंटेपणा होय.

पैशाचा प्रश्न निघतोच. म्हातारी एरवीही रिकामीच असते, असे काही बागायतदार म्हणतात. परंतु राखण हे श्रमाचे काम आहे, हे २००५ च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्यानेच मान्य केले होते. कामावरील स्त्रियांबरोबर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असल्यास त्यांतील एका स्त्रीस सांभाळण्यासाठी नेमावे व तिला मजुरी द्यावी, अशी त्यात तरतूद होती. सरकारी कामावर जे न्याय्य ठरले, ते खाजगी शेतावर अन्याय्य कसे ठरेल? शेतमालक, आया आणि ग्रामपंचायत यांनी मिळून हा भार उचलावा. १९७५ साली सुरू झालेली अंगणवाडी आहेच. पण तिचे पूर्वशिक्षणाचे वर्ग तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी, आणि तेही काही तासच. तान्ही उरतात.

ती बहुधा थोरल्या बहिणीच्या कडेवर जातात. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम आरंभिले. पुढे कोसबाडच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र नांदल्या. धाकटे भावंड पाळण्यात, थोरली वर्गात, अशी ती सोय होती. खुरपणीच्या महिन्यातील शाळेचे हजेरीपत्रक ग्रामसेविकेने उघडून पाहावे. मुलींच्या नावांपुढे गैरहजेरी कोठे वाढली आहे यावरून पाळणाघर प्रथम कोणत्या वस्तीत हवे, हे तिच्या ध्यानात येईल.