अग्नी, असुर आणि आपण

गेल्या फाल्गुनात मावसभावाच्या वास्तुशांतीसाठी बालाघाटास जाण्याचा योग आला. होमाची तयारी चालली असता एक वृद्ध लोहार अंगणात येऊन बसला. बैहरकडच्या जंगलपट्टीतला, जमातीने अगरिया. मोटारीच्या मोडक्या कमानीच्या पट्ट्या तापवून तो विळे-कुऱ्हाडी घडवितो. वहिनींनी सांगितलेला विळा देण्यास तो आला होता. कुंडातून ज्वाळा वर येताच त्याने बसल्या जागेवरून हात जोडले. मी सहज विचारले, "बाबा, तुमच्यात अग्नीची पूजा असते का?"

"असते तर. आमचा अग्यासुर."

असुर हा शब्द कानी पडताच ओसरीवर हशा पिकला. खेदाची गोष्ट ही, की त्या हशात मीही होतो. म्हातारा काही बोलला नाही. विळ्याचे पैसे घेऊन, पानावर न बसताच तो निघून गेला.

ते हसणे मला अजून सलते आहे. आपण जुन्या वळणाची माणसे. अग्नी म्हटला की आपल्याला मुंजीतला होम, सप्तपदी आणि वैश्वदेव आठवतो. ऋग्वेदाचा आरंभच त्याच्या नावाने होतो. त्यातील १०२८ सूक्तांपैकी सुमारे २०० त्याचीच आहेत. परंतु त्याच ऋग्वेदात वरुणाला, इंद्राला आणि खुद्द अग्नीलाही असुर म्हटले आहे, आणि तेथे तो शब्द सामर्थ्याचा गौरव करतो. शिवी तो पुढे झाला. यावरून अग्यासुर वैदिकच होय, असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. अगरियांचा देव अगरियांचा आहे. हसण्याचा अधिकार मात्र आपल्याला कोणत्याच पोथीने दिलेला नाही, एवढेच सांगावयाचे आहे.

व्हेरिअर एल्विन यांनी या जमातीवर लिहिलेला ग्रंथ १९४२ साली प्रसिद्ध झाला. मैकल पर्वताच्या आसऱ्याने राहणारे हे लोक दगडापासून लोखंड काढीत. त्यांची तीन दैवते : लोहासुर लोखंडाचा, कोयलासुर कोळशाचा आणि अग्यासुर अग्नीचा. भट्टी मातीची, कमरेइतकी. तिला वारा घालावयास कातड्याने मढविलेले दोन भाते. एकेका भात्यावर एकेक पाय ठेवून ते आळीपाळीने दाबावयाचे. वारा बांबूच्या नळ्यांतून भट्टीत जाई. हे काम तासन् तास चाले, आणि त्यात खंड पडून चालत नसे. लय म्हणजे काय, हे त्या पायांना कोणी शिकवावे लागत नसेल!

येथे मला माझ्या धंद्यातली एक गोष्ट आठवते. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास तेराव्या शतकात असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकरा'त नाद शब्दाची फोड केली आहे : 'न' म्हणजे प्राण, 'द' म्हणजे अग्नी; दोहोंच्या संयोगाने नाद उपजतो. माझे वडील नाना हे पहाटेच्या खर्जाला बसविताना आपल्या भाषेत सांगत. "पोटातला अग्नी पेटला नाही, तर सूर म्हणजे नुसता वारा." हे वचन मी आता माझ्या विद्यार्थ्यांना ऐकवितो. आणि ज्यांनी वारा आणि अग्नी यांच्या संयोगातून पिढ्यान् पिढ्या लोखंड जन्मास घातले, त्यांच्यातला एक माणूस समोर बसला असता मी हसलो!

नाना तरुणपणी दरबारात गात. संस्थान विलीन झाले आणि त्यांच्या विद्येचे गिऱ्हाईक गेले. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. घरची ओढाताण पाहिली आहे. पण ती विद्या हीन आहे, असे नानांना कोणी ऐकविले नाही. अगरियांच्या वाट्याला हेही आले नाही. भट्टीवरचा कर, कोळशासाठी लाकूड तोडण्यावरचे निर्बंध आणि बाजारातले स्वस्त लोखंड यांनी त्यांच्या भट्ट्या विझविल्या. प्रतिष्ठा तर त्यांना कधी मिळालीच नव्हती. आज त्याच जिल्ह्यातील भरवेलीच्या खाणीतले मँगनीज पोलादासाठी बाहेर जाते, आणि तेथला जुना लोहकार मोटारीचे भंगार ठोकीत बसतो.

अग्नी ही देवता हवि पोचविणारी आहे, अशी आपली श्रद्धा आहे. मग तिची सेवा कुंडापाशी तूप ओतणाऱ्याने केली तेवढीच खरी, आणि भात्यावर पाय झिजविणाऱ्याची खोटी, हा भेद कोणी केला? तो देवाने केलेला नाही, आपणच केला आहे.

कान्ह्याचा वाघ पाहावयास आपल्यातली पुष्कळ कुटुंबे मुक्कीच्या फाटकाने जातात. ती वाट बैहरवरूनच जाते. तासभर थांबून एखाद्या म्हाताऱ्या अगरियाला त्याच्या भट्टीची हकीकत विचारण्यास काय हरकत आहे? ती सांगू शकणारी माणसे आता थोडी उरली आहेत. मी तर ठरविले आहे, पुढच्या खेपेस वहिनींचा विळा आणावयास आपणच त्या बाबांच्या दारी जावयाचे. आणि विळ्याचे बोलण्याआधी त्या दिवसाच्या हसण्याबद्दल बोलावयाचे.